सेकंड शिफ्टवाल्याची मालिका

काका कुणाच्याही घरी टीव्हीचं बघायला आले की टीव्हीकडे बघायचेच नाहीत. चष्मा कपाळावर ढकलायचे, थेट सोफ्यापाशी जायचे आणि अंगठ्याने एकेक गादी दाबून बघायचे. जी सगळ्यात खोल गेली असेल तिच्यासमोर उभे राहून विचारायचे, "इथं कोण बसतं?"

घरातलं कुणीतरी ओशाळून हात वर करायचं.

"हां. हे ड्रायव्हर. बाकीचे पॅसेंजर. चला, आता बोलू."

तुम्हाला वाटेल, हा माणूस टीव्ही विकत असणार. छे! मग केबलवाल्याचा माणूस असणार. तेही नाही. काका म्हणजे चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले, आमच्या मोशीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणारे साधे गृहस्थ. पण केबल घ्यावी, डिशची छत्री लावावी की फायबर घ्यावं, असा प्रश्न ज्याला पडेल तो त्यांना बोलावून न्यायचा. एकदा आळंदीहून एक जण रिक्षा घेऊन आला होता. काका आंघोळीला गेलेले. तो म्हणाला, थांबतो. रिक्षावाला म्हणाला, मीपण थांबतो, मलाही विचारायचंय.

आमच्या ह्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. कंपन्यांमध्ये एक पद्धत असते. पार्ट खराब निघाला की पाच वेळा "का?" विचारायचं. पार्ट वाकडा का? मशीन हललं. मशीन का हललं? बोल्ट ढिला. बोल्ट का ढिला? असं खणत खणत गेलं की पाचव्या "का"ला मूळ कारण हाताला लागतं. काकांनी आयुष्यभर हेच केलेलं. रिटायर झाल्यावर पार्ट संपले, "का" शिल्लक राहिले. ते त्यांनी लोकांच्या टीव्हीवर काढायला सुरुवात केली.

माझ्याकडे आले तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "काका, आपल्याला मॅच पाहिजे. मॅच सोडून दुसरं काही दिसलं नाही तरी चालेल."

"का?"

"आवड आहे."

"का?"

"जिल्ह्यापर्यंत खेळलोय मी." कुठल्या जिल्ह्यापर्यंत ते त्यांनी विचारलं नाही म्हणून वाचलो. विचारलं असतं तरी जिल्हे पुष्कळ आहेत.

"कालची मॅच कोण जिंकलं?"

मी पंख्याकडे बघायला लागलो. पंखाही माझ्याकडे बघायला लागला.

"हे तिसऱ्या ओव्हरला घोरायला लागतात," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "आणि बंद केला की लगेच उठतात. म्हणतात, मी बघतोय."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. निकाल देताना ते असं करायचे. "तुझी प्रायॉरिटी क्रिकेट नाही, राव. झोप आहे. तुला असा बोलणारा पाहिजे, जो तुला काही विचारणार नाही. आहे ती केबल ठेव. जी कॉमेंटरी लागेल तिच्यावर झोप."

बायको एवढ्या जोरात हसली की पलीकडच्या विंगमधल्या दोघी काय पडलं म्हणून बघायला आल्या.

चौथ्या मजल्यावर हिंजवडीला कामाला जाणारं जोडपं होतं. कंपनीच्या कॅबने ट्रॅफिकमधून सुटून दोघं घरी यायची, ताटं वाढून घ्यायची आणि काय बघायचं ते शोधायला बसायची. त्यांच्याकडे इतकी ॲप होती की टीव्ही चालू केला की छोट्या चौकोनांची भिंतच उभी राहायची. एक ट्रेलर, दुसरा ट्रेलर, भाजी संपली. तिसरा ट्रेलर, भात संपला. हात सुकून कडक व्हायचे, तरी बोट रिमोटवर. लग्न झाल्यापासून त्यांनी एकही सिनेमा सुरू केलेला नव्हता. त्यांचं म्हणणं, अजून जास्त ॲप असलेला प्लॅन पाहिजे. काकांनी पाच वेळा "का" विचारलं आणि म्हणाले, "तुम्हाला कमी पाहिजे. दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं, ठरल्या वेळेला लागणारं आणि आवडलं नाही तर दोघांना मिळून शिव्या घालता येतील असं." मुलीने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लहानपणी आमच्याकडे असंच होतं."

सोसायटीच्या मागे गावठाणातले आबा राहतात. त्यांच्याकडे काका मलाही घेऊन गेले होते. आबा म्हणाले, "आमास्नी बैलगाडा शर्यत दिसली पायजे. बाकी कायबी न्हाई लागलं तरी चालंल."

"का?"

"बैल आमचा हाय म्हून."

काका उभे राहिले आणि त्यांनी आबांशी हात मिळवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षं क्वालिटीत काढली, राव. पहिल्याच 'का'ला मूळ कारण सांगणारा माणूस आज भेटला."

पण पद्धत म्हटली की ती कधीतरी उलटतेच. दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी दिवसभर पाककृतींचे कार्यक्रम बघायच्या. काका त्यांना विचारत गेले. का? शिकायला मिळतं. का शिकायचं? नवीन काही करावंसं वाटतं. का? रोजचं केलं की ताटात राहतं. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. काकांचा चौथा "का" सुटला होता, पाचवा तोंडात तयार होता. वहिनी म्हणाल्या, "कारण सासूबाईंना माझ्या हातचं काही गोड लागत नाही." सासूबाई त्याच सोफ्यावर, सगळ्यात खोल गादीवर बसल्या होत्या. काका त्या घरातून जे निघाले ते चपला मागे ठेवून. चपला दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून मागवल्या. त्या घरात तेव्हापासून दोन कुकर लागतात आणि एकीच्या कुकरने शिट्टी दिली की दुसरीचा त्याहून मोठी देतो.

तर असा हा माणूस. त्याच्यावर सोसायटीने भरवसा टाकला, यात नवल नाही.

झालं काय, आमची गच्ची गळायला लागली. गच्चीवर छत्र्या एवढ्या होत्या की वरून जाणाऱ्या विमानाला वाटावं, इथे परग्रहावरच्या लोकांशी बोलणी चालू आहेत. कावळे बसायला जागा शोधत भोसरीपर्यंत जायचे. वॉटरप्रूफिंगवाला आला, बघून गेला आणि म्हणाला, "आधी ही सगळी शेती काढा, मग बोला." कमिटीने ठरवलं, छत्र्या काढायच्या आणि सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच कनेक्शन घ्यायचं. जुनी केबल, नाहीतर एकच मोठी सामायिक छत्री, नाहीतर नवीन फायबर. कुठलं, ते काका घरोघर जाऊन बघतील आणि मीटिंगमध्ये सांगतील. काकांनी कागद घेतला नाही. "लिहायला लागलं की लोक बातम्या बघतो म्हणून सांगतात," म्हणाले.

घरोघर जाऊन झालं. उत्तर आंधळ्यालाही दिसत होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक शिफ्टवाले. संध्याकाळची मालिका लागते तेव्हा कुणी कंपनीत असतो, कुणी झोपलेला असतो, कुणी बसमध्ये लटकलेला असतो. फायबरच्या बॉक्सला एक सोय होती. आठवडाभरात लागून गेलेला कुठलाही कार्यक्रम मागे जाऊन हवा तेव्हा बघता यायचा. शिवाय शर्यतीही दिसायच्या, मॅचही, आणि माझ्यासाठी कॉमेंटरीही. सगळ्यांना वाटलं, काका आता फायबर म्हणणार.

काका काही म्हणेनात.

सेक्रेटरीने विचारलं की म्हणायचे, "ट्रायल बाकी आहे." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "वायर उंदराने कुरतडली तर?" तिसऱ्यांदा, "वीज गेली तर?" सेक्रेटरी म्हणाले, "काका, वीज गेली तर टीव्हीपण जातो." काका म्हणाले, "तोही मुद्दा बघायला पाहिजे."

लोक कुजबुजायला लागले. केबलवाल्याने काकांना चहा पाजला, असं एक जण म्हणाला. खालच्या मजल्यापर्यंत येताना त्या चहाची मिसळ झाली होती आणि वॉचमनपर्यंत पोचली तेव्हा मटण. मी त्यात भर टाकली नाही. म्हणजे फक्त रस्सा माझा.

शेवटी कमिटीने मला पाठवलं. मी सकाळी सकाळी गेलो. दार उघडंच होतं. मी बेल वाजवणार तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला आणि माझं बोट हवेतच राहिलं.

"...आणि ती जिन्यावरून खाली आली, तर समोर कोण? बकरी!"

"बकरी?" काकांचा आवाज.

"सासऱ्याने पाळलेली. आणि बकरीच्या तोंडात काय? मोठ्या सुनेचं मंगळसूत्र!"

"मग?"

"मग काय, फौजदार आला. तो म्हणतो, बकरीचा जबाब घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

"मग?"

मी जरा वाकून बघितलं. काकू पोळी लाटता लाटता बोलत होत्या. फौजदार आला की लाटणं कमरेवर जायचं, सासू आली की पदर खोचला जायचा, बकरी आली की मान तिरकी व्हायची. काका स्टुलावर बसले होते. बशीतला चहा ओठांपर्यंत गेलेला आणि तिथेच थांबलेला. साऱ्या मोशीला "का" विचारून हैराण करणारा माणूस बकरी जिन्यात का आली, हे विचारत नव्हता. नुसता "मग" म्हणत होता.

आणि गंमत सांगतो. आदल्या दिवशीचा तो भाग मी बघितला होता. मॅचवर झोपतो, पण मालिका चालू असताना बायको झोपू देत नाही. त्या भागात सून दारात उभी होती, सासू जिन्यावर उभी होती, तीन वेळा धडाम असा आवाज झाला आणि भाग संपला. बकरी नव्हती. फौजदार नव्हता. मंगळसूत्रसुद्धा जिथल्या तिथे होतं.

आता थापा मारण्यात ह्या भागात मला कुणी वर नाही, हे मी नम्रपणे सांगतो. पण त्या उंबऱ्यावर उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं, आपण अजून ट्रेनी आहोत.

चहा संपल्यावर काका मला घेऊन खाली आले. पंपरूमच्या कट्ट्यावर बसलो. मी म्हणालो, "काका, लोक काय काय बोलतायत."

"मटण, ना? ऐकलं मी. रस्सा कुणी घातला?"

मी विषय बदलला. "फायबरला तुमचा विरोध का?"

ते परत उंदरावर आले. मी पुन्हा "का?" म्हणालो. त्यांची पद्धत त्यांच्यावर कुणी कधी चालवली नसावी. तिसऱ्या "का"ला ते बोलायला लागले.

"सेकंड शिफ्ट सगळे टाळायचे, म्हणून ती कायम माझ्या गळ्यात. दुपारी जायचं ते ही झोपल्यावर यायचं. आमची दोघांची म्हणून जी काय भेट, ती सकाळच्या चहाला. ही मला काल मालिकेत काय झालं ते सांगायची. किती मालिका आल्या आणि गेल्या, राव. मी एकही बघितली नाही आणि मला सगळ्या पाठ."

"मग रिटायर झाल्यावर?"

"पहिल्या संध्याकाळी ही म्हणाली, बसा आता बघायला. बसलो. बघताना ही एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला. ही म्हणाली, तुम्ही बघितलंच की. झालं. पोळ्या झाल्या, डबा कुणाचा करायचा नव्हता, आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो." त्यांनी चपलेतला खडा झटकला. "त्या संध्याकाळी मालिका लागायच्या वेळेला मी उठलो, चपला घातल्या आणि म्हणालो, जरा वरच्यांचं केबलचं काय ते बघून येतो."

ही एवढी सेवा, तो अंगठा, ते पाच "का", ते आळंदीचे रिक्षावाले, सगळं कशासाठी चाललं होतं ते आत्ता कळलं. संध्याकाळी तेवढा वेळ घराबाहेर काढायचा होता.

"म्हणजे फायबर आलं तर काकू म्हणणार, दुपारी मागे जाऊन बघून घ्या."

"बरोबर."

"नका ना बघू मग!" मग मला राहवलं नाही. जरा खालच्या आवाजात म्हणालो, "काका, एक सांगू? राग मानू नका. कालच्या भागात बकरी नव्हती."

"मला माहितीये."

"आँ?"

"अरे, मी संध्याकाळी ज्याच्या घरी जातो त्याच्याकडे तीच मालिका लागलेली असते. सगळ्या बिल्डिंगमध्ये तीच. मी रोजच बघतो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण हिची चांगली असते."

मी तोंडाशी आलेली थाप गिळली. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

"मी बघेन, याची भीती नाही, राव," काका म्हणाले. "मी बघू शकतो हे तिला कळलं, की ती खरं सांगायला लागेल."

मी पटकन उपाय सांगितला. केबलच बरी म्हणून मीटिंगमध्ये सांगून टाका. तुमचा शब्द कोण मोडणार? काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना घाण खायला सांगितलं. "चांगला पार्ट रिजेक्ट करू? लोकांनी माझ्यावर सोडलंय."

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. काकूही समोर बायकांमध्ये बसल्या होत्या. काका उभे राहिले, चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर घेतला. "फायबर," म्हणाले. "आपल्याकडे शिफ्टची माणसं जास्त. वेळेला घरी नसणाऱ्याला मागचं बघता आलं पाहिजे. ते पहिलं. बाकी सगळं नंतर." आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. मटणवाल्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. काकांनी काकूंकडे बघितलं नाही. दिवसभर घरीही गेले नाहीत, मोटर खराब नसताना पंपरूममध्ये मोटर बघत बसले.

आता इथे माझ्यासारख्या माणसाने कामी यायचं नाही तर कधी? पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे बॉक्स बसला त्या दिवशी मी आधीच जाऊन बसलो. बसवणारा गेल्यावर काकूंना गंभीर चेहरा करून म्हणालो, "काकू, एक वाईट बातमी आहे. तुमचा टीव्ही जुना. त्याला नुसतं पुढे जाणं झेपतं. मागे न्यायला गेलात तर आतला पडदा उलटा फिरतो आणि फुटतो. कासारवाडीत एकाचा फुटला. शेजाऱ्यांच्या खिडक्यासुद्धा गेल्या."

काकांनी खोकला काढला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई! मग नकोच बाबा हात लावायला. मागचं मागे गेलं."

काका माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आले. माझ्या खांद्याची गादी अंगठ्याने दाबून बघितली आणि परत गेले.

त्यानंतर काही दिवसांनी काकू भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "ते मागे जायचं बटण चालतं, बरं का रे."

मी मेथीत तोंड घातलं.

"दुपारी हे झोपले होते, तेव्हा दाबून बघितलं. खिडक्या आहेत सगळ्या शाबूत. ह्यांना मात्र सांगू नकोस."

"का?" मी म्हणालो.

"अरे, ती खरी मालिका फार रडकी आहे. ह्यांना नाही आवडायची." त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "आणि तू ती खिडक्यांची थाप मारलीस ना, त्यात एक मांजर घालायला पाहिजे होतं. माणसाला मांजर असलं की पटतं."

गेल्या वर्षी त्यांचं नारायणगावकडे घर बांधून झालं आणि दोघं इथलं आवरून निघाली. टेंपो भरायला सगळी बिल्डिंग उतरली होती. आता आमच्याकडे कुणाला नवीन कनेक्शन घ्यायचं असलं की तो मोबाईलवर बघतो, तिथे लोकांनी तारे दिलेले असतात. सोफ्याची गादी कुणी दाबत नाही.

ती दोघं निघाली त्याच दिवशी मी कंपनीत निघालो होतो. चाकणच्या चौकात नेहमीसारखा जाम. माणसं तिथे अडकतात, संसार थाटतात, मुलं शाळेत घालतात, तेव्हा कुठे सिग्नल सुटतो. मी गाड्यांच्या फटींतून बाईक काढत पुढे गेलो, तर समोर तोच टेंपो. मागे गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला दोघं. काकूंचे दोन्ही हात हवेत होते, एका हाताचं काहीतरी शिंगवालं झालं होतं. काका त्यांच्याकडे पूर्ण वळून बसले होते.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. पुढचे ट्रक गेले, बस गेली, रस्ता मोकळा झाला. टेंपो जागेवरच. मागे अख्खं चाकण हॉर्न वाजवत होतं, आणि ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून, तोंड उघडं ठेवून काकूंकडे बघत बसला होता.